दुखण्याच्या आधीची गोळी

सिझर होऊन वॉर्डात आलेल्या बाईला पहिल्या तासाभरात विचारलं, "दुखतंय का गं?", तर ती बहुतेक वेळा नाही म्हणते. आणि ते खरंच असतं. पाठीत दिलेलं भुलीचं इंजेक्शन अजून उतरलेलं नसतं. कमरेखालचं अंग जड आणि बधिर असतं, बाळ कुशीत आलेलं असतं, सासूबाई फोनवरून गावाला बातमी कळवत असतात. ओटीपोटावर चार-पाच इंचांचा आडवा छेद आहे, त्याच्याखाली गर्भाशयालाही टाके घातले आहेत, याची खबर तिच्या मेंदूपर्यंत पोचलेलीच नसते.

दोन-तीन तासांनी भूल उतरू लागते. पायांची बोटं हलतात, मग गुडघा वाकतो, आणि त्याच सुमारास टाक्यांच्या जागी आग सुरू होते. अर्ध्या तासात ती इतकी वाढते की बाई कूस बदलायला घाबरते, खोकला आला तर दाबून धरते. आता ती सांगते, दुखतंय. नवरा सिस्टरना शोधायला जातो. सिस्टर दुसऱ्या पेशंटचं सलाईन लावत असतात, त्या येतात, केसपेपर बघतात. त्यावर दुखण्याच्या औषधापुढे 'एसओएस' लिहिलेलं असतं, म्हणजे लागलं तर द्या. इंजेक्शन काढून दिलं जातं. ते लागू पडायला आणखी अर्धा तास. म्हणजे कळ सुरू झाल्यापासून आराम पडेपर्यंत तास-दीड तास सहज गेला, आणि तोही बाळाला पहिल्यांदा नीट छातीशी धरण्याच्या वेळेतला.

या प्रकरणाचा विषय हा वाया गेलेला तास आहे. सिझरनंतरच्या दुखण्यावर कोणती औषधं द्यायची हे आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे. ती महाग नाहीत, दुर्मीळ नाहीत, त्यांतली निम्मी आपल्या घरच्या डब्यात असतात. अडतं ते वेळेशी. वेदना वर चढल्यावर दिलेली गोळी आणि वेदना पोचायच्या आत दिलेली तीच गोळी, या दोहोंत बाळंतिणीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

किती जणींचा हा प्रश्न आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीनुसार देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के होतं आणि गोव्यात ३९.५ टक्के. खासगी रुग्णालयांतलं देशभराचं प्रमाण ४७ टक्क्यांच्या वर होतं. सिझर जास्त होतात की नाही, हा वाद मोठा आहे आणि महत्त्वाचाही. पण ज्या बाईचं सिझर झालं आहे तिला पहिल्या रात्री कुशीवर वळता आलं पाहिजे, यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

आधी हे दुखणं नेमकं कसलं, ते पाहू. ते एकच नसतं. त्वचा, तिच्याखालची चरबी आणि पोटाच्या स्नायूंवरचं चिवट आवरण कापलेलं असतं. ही जखम पडून राहिलं तर ठुसठुसते आणि हललं की चिरते. दुसरं दुखणं गर्भाशयाचं. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आकसू लागतं, आणि बाळ दूध ओढू लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवून ते आणखी जोराने आकसतं. म्हणून पाजायला घेतलं की ओटीपोटात कळ येते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात ही कळ जास्त जाणवते. यात भर म्हणून आतडी एक-दोन दिवस मंदावतात आणि वायू धरतो. या तिन्हींपैकी पहिली दोन औषधाला छान दाद देतात, कारण दोहोंच्या मुळाशी बऱ्याच अंशी एकाच प्रकारची रसायनं असतात.

त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. पेशी फाटल्या की त्यांच्या आवरणातून एक मेदाम्ल सुटतं आणि सायक्लोऑक्सिजनेज नावाचं विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवतं. हे रसायन आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हळवी करून ठेवतं, त्यामुळे एरवी जो स्पर्श जाणवलाही नसता तो तिथे झोंबतो. गर्भाशयाचं आकुंचनही हीच रसायनं घडवतात. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं हा कारखानाच बंद पाडतात. त्यासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, कीटोरोलॅक ही सगळी याच कुळातली.

वेळेचा पहिला धडा व्हेन यांच्या या शोधातच दडलेला आहे. ही औषधं नवं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, पण जे आधीच बनून पसरलं आहे आणि ज्याने मज्जातंतू हळवे करून ठेवले आहेत, ते एका क्षणात पुसून टाकत नाहीत. म्हणून त्यांना लागू पडायला वेळ लागतो. भूल उतरण्याआधी ती रक्तात असतील तर बाईला त्या वाट बघण्याची झळ बसत नाही, कारण तो वेळ बधिरपणाच्या आड निघून जातो.

मग ती ऑपरेशनच्याही आधी का देऊ नयेत? इथे मध्ये बाळ येतं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं हवा घेत नसतात, त्यामुळे हृदयातून फुप्फुसांकडे निघालेलं बरंचसं रक्त एका आडवाटेने थेट महाधमनीत जातं. ही आडवाट म्हणजे एक लहानशी रक्तवाहिनी, आणि तिला उघडं ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. आईने गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि ही वाट जन्माआधीच आकसू शकते. शिवाय बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासूनच ही औषधं टाळण्याचा सल्ला दिला तो यासाठी. नाळ कापली की मात्र बाळ आणि आई यांचं रक्त वेगळं झालं. तेव्हापासून ही औषधं जवळजवळ फक्त आईचीच.

म्हणून यांची जागा ऑपरेशनच्या टेबलावरच, पण बाळ बाहेर आल्यानंतरची. गर्भाशय घट्ट आकसलं आहे, रक्तस्राव आटोक्यात आहे, टाके घालून होत आले आहेत, अशा वेळी कीटोरोलॅकचं इंजेक्शन शिरेतून द्यायचं किंवा डायक्लोफेनॅकची १०० मिलिग्रॅमची सपोझिटरी गुदद्वारात ठेवायची. आपल्याकडे ही सपोझिटरी पुष्कळ ठिकाणी वापरतात आणि ती चांगली पद्धत आहे. बाई बधिर असते, तिला कळतही नाही, औषध सावकाश शोषलं जातं आणि भूल उतरेपर्यंत कामाला लागलेलं असतं. फक्त तिला आधी सांगायला हवं. गुदद्वारातून औषध ठेवणार आहोत हे आदल्या दिवशी दोन वाक्यांत समजावलं तर कुणी नाही म्हणत नाही, आणि न सांगता ठेवणं हे कितीही चांगल्या हेतूने असलं तरी योग्य नाही.

पॅरासिटामॉलचं वेळापत्रक याहून मोकळं आहे. हार्मन मॉर्स या रसायनशास्त्रज्ञाने बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १८७७ च्या सुमारास ते पहिल्यांदा बनवलं आणि पुढची कित्येक दशकं ते अडगळीत पडून राहिलं. १९४८ मध्ये बर्नार्ड ब्रोडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी न्यूयॉर्कमध्ये दाखवलं की त्या काळी तापावर आणि दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या एका जुन्या औषधाचा गुण खरं तर शरीरात त्यापासून बनणाऱ्या पॅरासिटामॉलमुळेच येतो. त्यानंतर ते जगभरच्या घरांत शिरलं. ते मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत काम करतं असं मानतात, जखमेच्या जागी नाही. पोटातल्या बाळाच्या त्या आडवाटेची भीती एका मात्रेने निर्माण होत नाही, त्यामुळे ते शस्त्रक्रियेच्या आधीही देता येतं. तासभर आधी, घोटभर पाण्याबरोबर एक ग्रॅम. उपाशी राहायला सांगितलेलं असलं तरी डॉक्टरांच्या परवानगीने गोळीपुरतं पाणी चालतं.

इथे एक जुना वाद सांगायला हवा, कारण त्याच्या निकालाने माझं म्हणणं थोडं सौम्य होतं आणि थोडं पक्कंही. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी प्रयोगांतून दाखवलं की इजा झाल्यावर मज्जारज्जूच जास्त संवेदनशील होऊन बसतो. मूळ इजेपेक्षा वेदना मोठी होते ती या मधल्या टप्प्यावर. १९८८ मध्ये पॅट्रिक वॉल यांनी यावरून मांडलं की चिरा देण्याच्या आधीच वेदनाशामक द्यावं, म्हणजे मज्जारज्जूला हा बिघाड शिकायची संधीच मिळणार नाही. कल्पना इतकी सुंदर होती की पुढची १०-१५ वर्षं भूलतज्ज्ञांनी तिच्यावर कितीतरी चाचण्या घेतल्या. तेच औषध एका गटाला चिऱ्याआधी, दुसऱ्याला चिऱ्यानंतर. २००२ मध्ये या चाचण्यांचा एकत्र धांडोळा घेतला गेला तेव्हा निष्कर्ष निराश करणारा निघाला. बहुतेक औषधांच्या बाबतीत चिऱ्याच्या पाच मिनिटं आधी की अर्धा तास नंतर, याने फारसा फरक पडत नाही.

मग वेळ महत्त्वाची नाही का? आहे, पण ती वेगळी वेळ आहे. चाकूची वेळ नाही, भूल उतरण्याची वेळ. सिझरमध्ये चिरा पडतो तेव्हा पाठीतल्या इंजेक्शनने मज्जारज्जूकडे जाणारा रस्ता आधीच अडवलेला असतो. धोका आहे तो रस्ता पुन्हा खुला होतो तेव्हा. त्या क्षणी रक्तात पुरेसं औषध असलं पाहिजे, आणि पुढचे दोन-तीन दिवस ते पातळीच्या खाली उतरू द्यायचं नाही. पॅरासिटामॉल चिऱ्याआधी दिलं की बाळ झाल्यावर शिरेतून दिलं, दोन्ही चालेल. दोन्ही वेळा राहून गेलं तर नाही चालणार.

एकाच औषधाने सगळं साधत नाही, हेही याच काळात पक्कं झालं. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट आणि त्यांचे सहकारी योर्गन डाल यांनी १९९३ मध्ये मांडलं की वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी औषधं थोडी थोडी एकत्र द्यावीत. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकच्या कुळातलं एखादं औषध यांची जोडी एकेकट्याहून जास्त आराम देते, हे त्यानंतर अनेक अभ्यासांत दिसलं. प्रत्येक शस्त्रक्रियेपुरत्या वेगळ्या शिफारशी गोळा करणाऱ्या युरोपातल्या प्रॉस्पेक्ट गटाने सिझरसाठीच्या २०२१ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत हीच जोडी पाया म्हणून घेतली. शस्त्रक्रियेआधी तोंडाने पॅरासिटामॉल, पाठीतल्या इंजेक्शनातच अगदी थोडं मॉर्फिन, बाळ झाल्यावर डायक्लोफेनॅकच्या कुळातलं वेदनाशामक आणि डेक्सामेथासोनची एक मात्रा, आणि नंतर दोन्ही गोळ्या नियमितपणे. मागून घेण्याची अफूजन्य औषधं फक्त उरलेल्या दुखण्यासाठी.

डेक्सामेथासोनबद्दल एक बारीक गोष्ट. बाई जागी असताना ते शिरेतून झटकन दिलं तर मांड्यांच्या मधल्या भागात अचानक विलक्षण खाज किंवा आग होते आणि ती दचकते. म्हणून ते सावकाश देतात. मळमळही त्याने कमी होते. मधुमेह असेल तर साखर वाढते, तेव्हा तिथे जपून.

अफूजन्य औषधांचा विषय आपल्याकडे आणि अमेरिकेत अगदी उलट्या तऱ्हेने उभा राहतो. तिकडे प्रश्न अतिरेकाचा. २०१७ मधल्या एका अमेरिकी पाहणीत सिझर झालेल्या बायकांना घरी जाताना साधारण ४० अफूजन्य गोळ्या दिल्या जात होत्या आणि त्यांतल्या निम्म्याच वापरल्या जात होत्या. २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात, आधी कधी ही औषधं न घेतलेल्या दर ३०० बायकांमागे एक जण सिझरनंतर ती महिनोन्महिने घेत राहिली. अफूशिवायच्या औषधांचं घड्याळ बसवण्यावर तिकडे इतका भर आला तो या धक्क्यातून. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं की पॅरासिटामॉल मागेल तेव्हा देण्याऐवजी ठरलेल्या वेळी दिलं, तर अफूजन्य औषध कमी लागतं. औषध तेच होतं. बदलली ती फक्त देण्याची रीत.

आपल्याकडे टंचाई आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कडक तरतुदींमुळे मॉर्फिन ठेवणं ही लहान रुग्णालयांना डोकेदुखी वाटत आली आहे. पाठीच्या कण्यात देता येईल असं शुद्ध मॉर्फिन तालुक्याच्या ठिकाणी सहसा हाताशी नसतं. त्याची जागा ट्रामाडॉलने घेतली होती, तेही २०१८ पासून त्याच कायद्याखाली आलं. शिवाय स्तनपान देणाऱ्या आयांनी ट्रामाडॉल आणि कोडीन टाळावं असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला, कारण काही जणींचं यकृत या औषधांचं फार वेगाने तीव्र रूपात रूपांतर करतं आणि ते दुधातून बाळापर्यंत जाऊ शकतं. म्हणजे जळगावच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये सिझर झालेल्या बाईचा खरा आधार पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक हाच आहे. दुसरी फळी कच्ची असेल तर पहिली फळी तरी घड्याळावर चालायला हवी. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. 'लागलं तर द्या' ही पद्धत ज्या देशांत हाताशी मॉर्फिन आहे तिथे एक वेळ निभावते. आपल्याकडे ती बाईला उघड्यावर टाकते.

एक सरळ दिवस घेऊ. सकाळी ९ वाजता ठरवून सिझर आहे. ८ वाजता पॅरासिटामॉलची एक ग्रॅमची मात्रा. ९ ला पाठीत भूल, २० मिनिटांत बाळ. १० वाजता टाके संपताना डायक्लोफेनॅकची सपोझिटरी. १२ च्या सुमारास भूल उतरते तेव्हा दोन्ही औषधं रक्तात हजर आहेत. दुपारी २ ला पॅरासिटामॉल, ती हो म्हणो वा नाही. रात्री ८ ला पॅरासिटामॉल आणि त्याबरोबर डायक्लोफेनॅकची ५० मिलिग्रॅमची गोळी. डायक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मात्रा १५० मिलिग्रॅम, ती इथे भरली. मग रात्री २ वाजता पुन्हा पॅरासिटामॉल.

हे रात्रीचे २ फार मोलाचे आहेत. वॉर्डातली रीत अशी की रात्रीच्या राउंडला १० वाजता गोळ्या वाटायच्या आणि मग सकाळी ६ ला. मधे आठ तास. पॅरासिटामॉलचा गुण चार ते सहा तास टिकतो. म्हणजे ३-४ वाजता, अंग थकलेलं, दिवे मंद, बाळ भुकेने रडतंय, अशा वेळी बाईच्या रक्तातलं औषध तळाला गेलेलं असतं. कुशीवर वळायला दोन माणसांचा हात लागतो आणि सोबतची आई खुर्चीत डुलक्या घेत असते. पाजणं लांबतं. मग वरचं दूध देऊ का, असा प्रश्न पहाटेच्या त्या वेळेला निघतो. दुधाची बाटली पहिल्यांदा येण्यामागे कितीदा तरी एक चुकलेली गोळी असते.

दोन्ही औषधं एकदम द्यावीत की तीन-तीन तासांनी आलटून पालटून? दोन्ही बाजूंना समंजस माणसं आहेत. आलटून पालटून दिलं तर दर तीन तासांनी काही ना काही पोटात जातं आणि पातळी सपाट राहते. एकत्र दिलं तर बाईला सलग झोप मिळते आणि सिस्टरचं कामही सोपं होतं, चुका कमी होतात. मी एकत्र देण्याच्या बाजूचा आहे. बाळंतिणीला आधीच दर दोन तासांनी बाळ उठवतं. तिला आणखी गोळीसाठी उठवू नये. आणि एका सिस्टरकडे २५ खाटा असतील तिथे साधं वेळापत्रकच पाळलं जातं.

घाईचं सिझर असेल तर आधीची गोळी राहून जाते. काही बिघडत नाही, बाळ झाल्यावर शिरेतून पॅरासिटामॉलची १०० मिलिलिटरची बाटली पंधरा मिनिटांत चढवली की झालं. पूर्ण भूल देऊन सिझर केलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे बधिरपणाचे दोन तास नाहीत, शुद्ध येते तीच दुखऱ्या पोटासह. अशा वेळी टाके घालतानाच जखमेत बधिर करणारं औषध टोचणं, किंवा पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये सोनोग्राफीच्या मदतीने ते सोडणं, याचा खरा उपयोग होतो. पाठीत मॉर्फिन दिलेलं असेल तर या थरातल्या इंजेक्शनाने भर फारशी पडत नाही, पण नसेल तर पडते. आणि पाठीत मॉर्फिन मिळालेल्या बाईलाही गोळ्यांचं घड्याळ हवंच. मॉर्फिन बारा ते चोवीस तासांनी उतरतं, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा लघवीची नळी निघालेली असते आणि तिला चालायला सांगितलेलं असतं.

मात्रा कुणाची काय, हे डॉक्टरच ठरवतील. वजन ५० किलोच्या आत असेल तर शिरेतलं पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने द्यावं लागतं. यकृतावर परिणाम झाला असेल तर तेही जपून. पोटात अल्सर, अ‍ॅस्पिरिनने वाढणारा दमा, प्लेटलेट फार कमी, रक्तस्राव न थांबणारा, किंवा मूत्रपिंडं थकलेली असतील तर डायक्लोफेनॅकचं कुळ बाजूला ठेवतात. मूत्रपिंडांशी या औषधाचं किती वैर असू शकतं हे आपल्या देशाने आकाशात पाहिलं आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली. २००४ मध्ये कारण कळलं आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. माणसाचं शरीर गिधाडाचं नाही, निरोगी मूत्रपिंडांना दोन-चार दिवसांच्या मात्रेने सहसा काही होत नाही. पण खूप रक्त गेलेली किंवा रक्तदाबाने मूत्रपिंडांना झळ बसलेली बाई असेल तर आधी लघवी पुरेशी होते का आणि क्रिएटिनिन किती, हे बघायलाच हवं.

आता घरच्यांकडे वळू, कारण घड्याळ मोडतं ते कितीदा तरी खाटेजवळच. "अगं, अंगावर पाजतेयस, इतक्या गोळ्या कशाला?" हे काळजीपोटीच बोललं जातं. पण आयब्युप्रोफेनचा आईच्या मात्रेच्या मानाने एक टक्क्याहूनही कमी भाग बाळाला मिळतो. पॅरासिटामॉल तर आपण बाळांना थेंबांतून थेट देतो, दुधातून येतं ते त्याहून कितीतरी कमी. शिवाय पहिले दोन दिवस येणारा चीक एका वेळेला असतोच किती? चमचे-दोन चमचे. गोळी चुकवून बाळाचं भलं होत नाही. आई ताठ बसून, बाळाला नीट धरून पाजू शकली तर होतं.

दुसरं वाक्य, "आम्ही नाही का सोसलं?" सोसलं, हे खरं. ज्यांनी सोसलं त्यांच्याविषयी आदर बाळगूनही सांगायला हवं की सोसण्याची किंमत पडते. जेम्स आयझेनाक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बाळंतिणींचा पाठपुरावा केला. ज्यांना पहिल्या दीड दिवसात तीव्र वेदना होत्या त्यांच्यात आठ आठवड्यांनंतर दुखणं उरण्याचा धोका अडीच पट आणि नैराश्याचा तिप्पट आढळला. बाळंतपण नैसर्गिक की सिझर, याने तितका फरक पडला नाही जितका पहिल्या वेदनेच्या तीव्रतेने पडला. वेदनेमुळेच नैराश्य आलं असं यावरून ठाम म्हणता येत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगी ही गोष्ट नाही. शिवाय दुखतं म्हणून पडून राहिलेल्या बाळंतिणीच्या पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते.

नियमित गोळ्यांनी ताप झाकला जाईल, जखम पिकली तर कळणार नाही, अशी एक शंका डॉक्टरांनाही येते. ती रास्त आहे. पण जखमेकडे, नाडीकडे आणि अंगावर जाणाऱ्या स्रावाच्या वासाकडे लक्ष ठेवलं तर संसर्ग लपत नाही. आणि घड्याळावर औषध चालू असताना दुखणं स्वतःच खूण बनतं. सिझरचं दुखणं रोज थोडं उतरलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते चढू लागलं, टाक्यांभोवती लाली आली, एका पोटरीत कळ आली, किंवा उठून बसताच डोकं फुटेल असं दुखू लागलं आणि आडवं होताच थांबलं, तर त्याला आणखी एक गोळी हे उत्तर नव्हे. डॉक्टरांना दाखवायचं.

घरी जाताना कागदावर लिहिलेलं वेळापत्रक मागून घ्यावं, 'दुखलं तर' असं मोघम नको. मेडिकलवाल्याकडून मिळणाऱ्या पाकिटांवरची बारीक अक्षरंही वाचावीत, कारण आपल्याकडे जोडगोळ्यांचा सुळसुळाट आहे. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉल असतंच. तिच्या जोडीला वेगळं पॅरासिटामॉल घेतलं तर दोन्हींची बेरीज करायची, दिवसाला चार ग्रॅमच्या वर जायचं नाही. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन एकाच वेळी चालू ठेवायचं नाही, दोन्ही एकाच कुळातली, गुण वाढत नाही आणि पोट व मूत्रपिंडं सोसतात. सकाळची गोळी उठून अंघोळीला जाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर पहिली पावलं सोपी जातात. पाचव्या-सातव्या दिवसाकडे दुखणं उतरलं की थांबवण्याचाही एक क्रम असतो. ट्रामाडॉल चालू असेल तर ते सर्वांत आधी, मग डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. पॅरासिटामॉल शेवटी, आणि त्यातही आधी दुपारची मात्रा गाळायची, रात्रीची आणखी दोन-तीन दिवस ठेवायची.